गाडीत वास कुठून येतोय

पहिल्यांदा पाहुणे अर्ध्यातून उठून गेले तेव्हा मी त्यांच्याचसाठी भाकरी थापत होते. मुंबईचं कुटुंब होतं. नवरा-बायको, दोन लहान मुली आणि एक आजी. दोन दिवस राहणार म्हणून आले होते. सकाळी अकराला आले आणि ताटं वाढायच्या आत त्यांच्या बॅगा परत मोटारीत गेल्या. जाताना ती आजी माझ्याजवळ थांबली. चिडलेली नव्हती, उलट समजुतीनंच बोलली. "बाई, तू धूप, कापूर सगळं लावलंयस, ते दिसतंय गं. पण असं वाटतं की देवळात कुणीतरी संडास बांधलाय." नाती खिदळल्या. मीही हसले. दुसरं काय करणार? तोवर तव्यावरची भाकरी करपली.

गाडी म्हणजे कॅराव्हॅन. मिनीबसच्या सांगाड्यावर बांधलेलं घर. चौघांची झोपायची सोय, ओटा, बेसिन, मागच्या कोपऱ्यात संडास-बाथरूम, आणि त्याच्या बरोबर खाली, गाडीच्या पोटाला, मैल्याची टाकी. गंगापूर धरणाच्या अलीकडं एका द्राक्षबागेच्या कडेला ही गाडी उभी असते. लोक येतात, बागेत फोटो काढतात, एक-दोन रात्री राहतात. बाग आणि गाडी दोन्ही काकूंच्या. काकू माझ्या मालकीण. काका गेल्यापासून बाग त्याच बघतात, ट्रॅक्टरही स्वतः चालवतात. मुलगा पुण्यात नोकरीला आहे. गाडीची कल्पना त्याची, गाडीची काळजी काकूंची, आणि झाडलोटीपासून पाहुण्यांच्या जेवणापर्यंत सगळं काम माझं.

मी औशाकडची. नाशिकहून संध्याकाळी एसटीत बसलं की सकाळी गाव येतं, इतकं लांब. सातवीनंतर माझी शाळा सुटली. आमच्याकडं टँकर यायचा, त्याची वेळ ठरलेली नसायची, आणि टँकरपुढं घागरी घेऊन उभं राहायला घरातलं एक माणूस मोकळं लागायचं. ते माणूस मी झाले. पुढं लग्न झालं, नवऱ्याबरोबर बागेच्या कामाला इकडं आले. दोन हंगामांनंतर नवरा निघून गेला, मी राहिले. काकूंनी पॅकिंग शेडच्या मागची खोली दिली. खोलीच्या दाराला आतून कडी आहे. हे मुद्दाम सांगते, कारण त्याआधी मी जिथं राहत होते तिथं कडी नव्हती.

तर त्या सोमवारी पाहुणे गेले आणि दुपारी पुण्याहून फोन आला. काकू फोन नेहमी मोठ्या आवाजावर ठेवतात, त्यामुळं मलाही ऐकू आलं. मुलगा म्हणाला की महिन्यातली ही तिसरी तक्रार आहे. आणखी एक आली तर गाडी विकायची. पिंपळगावचा एक व्यापारी तयारच आहे, त्याला पॅकहाऊसवर ऑफिस थाटायचंय. तो संडास तोडूनच टाकणार, त्याला वासाशी काय देणंघेणं? काकू "बघू" म्हणाल्या. माझ्याकडं बघितलं नाही. गाडी गेली की माझं काम गेलं, आणि काम गेलं की खोली. तसं कुणी बोललं नव्हतं. पण तोडणीचे दिवस होते, मजुरांना खोल्या कमीच पडत होत्या, आणि मी काही कुणाची नात्यातली नव्हते.

पुढचं बुकिंग शनिवारचं होतं. नाशिकमधल्या चार निवृत्त शिक्षिका येणार होत्या. माझ्या हातात चार दिवस होते.

मी वास हुंगायला सुरुवात केली. हसू नका. गुडघ्यावर बसून प्रत्येक भोकाला नाक लावलं. बेसिनचं भोक, बाथरूमची जाळी, कमोडची कड, गाद्यांखालचे कप्पे. बाथरूमच्या जाळीखाली पाणी धरून ठेवणारी वाटी असते, ती कोरडी पडली होती. तिच्यात तांब्याभर पाणी ओतलं आणि तासाभरात वास थोडा उतरला. मला वाटलं, सापडलं. एवढंसं होतं आणि आपण किती घाबरलो. काकूंना सांगायला शेडपर्यंत पळत गेले. त्या माझ्याबरोबर आल्या, पायरी चढल्या, दोन क्षण उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आहे की अजून."

होताच. मी फिनाईल ओतलं. रोज सकाळी ओतायचेच, त्या दिवशी दुप्पट. आता फिनाईलचा वास आणि तो वास असे दोन झाले, आणि दोघं एकमेकांच्या गळ्यात गळा घालून बसले.

मंगळवारी सकाळी माझा डोळा ड्रमवर गेला. बागेच्या बांधावर, गाडीपासून वीस पावलांवर, स्लरीचा निळा ड्रम होता. शेण, गोमूत्र, गूळ, बेसन कालवून बागेला सोडायचं पाणी. तो ड्रम बघणारे बाबा पेठकडच्या डोंगरातले, काकूंकडं वीसेक वर्षं आहेत. मी त्यांना म्हटलं, वास तुमच्या ड्रमाचा आहे, वारं इकडून तिकडं वाहतंय. बाबांनी काठी ड्रमात तशीच उभी ठेवली. "बाय, वास घे," म्हणाले, "मंग बोल." मी वास घेतला नाही. काकूंना जाऊन सांगितलं की ड्रम हलवल्याशिवाय काही होणार नाही. काकूंनी हलवायला सांगितला. भरलेला ड्रम हलत नाही, म्हणून बाबांनी आधी तो बादल्यांनी अर्धा उपसला, मग दोघांनी तिरका करून पार शेततळ्याच्या पलीकडं नेला. त्यांची अख्खी दुपार त्यात गेली. गाडीतला वास तसाच राहिला. मी त्यांना तोंड दाखवायचं टाळायला लागले.

त्याच दिवशी बोलावलेला घोटीचा मिस्त्री दहाला येतो म्हणाला आणि साडेचारला आला. माणूस बोलका. गाडीच्या टपावर चढला, टाकीतली हवा वर जाणारा पाइप तपासला आणि वरूनच ओरडला की चोर सापडला. पाइपाच्या तोंडाशी गांधीलमाश्यांनी मातीचं घर केलं होतं. ते काढलं. खाली येऊन कमोडखालचं रबरी सीलही बदललं. मग भिंतीवरच्या मीटरकडं बोट दाखवलं. टाकी किती भरलीय ते दाखवणारे चार दिवे असतात, त्यातले तीन पेटलेले.

"ताई, हे मीटर गेलं बगा. टाकीचा व्हॉल्व्ह उघडा हे, पाइप खड्ड्यात सोडलेला हे, टाकी रिकामी. आन हे म्हनतं पाऊण भरली. याच्यावर इस्वास ठेवू नका."

मी मान हलवली. खरं काय ते सांगणारी एकच वस्तू त्या गाडीत होती, आणि आम्ही दोघांनी मिळून तिला खोटं ठरवलं.

बुधवारी सकाळी दार उघडलं तर वास दारातच उभा. उकाडा म्हणून मी बाथरूमचा पंखा लावून ठेवला होता, तर कमोडचं झाकण उघडलं की वास खालून ओढल्यासारखा वर यायचा. पंखा बंद केला तर गाडी भट्टी. मिस्त्रीला फोन लावला, तो म्हणाला त्याच्याकडून काम पक्कं झालंय, आता वास असेल तर तो मनात असेल. गाडी बांधणाऱ्या कारखान्यात फोन लावला. तिथल्या माणसानं अर्धं इंग्रजीत विचारलं, अर्धं मला कळलं नाही, आणि शेवटी व्हिडिओ काढून पाठवा म्हणाला. वासाचा व्हिडिओ कसा काढतात ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर रडले असते. फोन ठेवला आणि पायरीवर बसून राहिले. राग कुणाचा येत होता तेच कळेना. मिस्त्रीचा, त्या फोनवरच्या माणसाचा, गाडीचा, की ज्यांना दोन दिवस नाक दाबून राहता येत नाही त्या पाहुण्यांचा. त्याच वेळी आईचा फोन आला. "कसं चालूलालंय गं?" मी बरं आहे म्हटलं. आईला आजवर दुसरं काही सांगितलेलंच नाही.

गुरुवारी सकाळी शेततळ्याकडं गेले ती खरं तर बाबांची माफी मागायला. बाबा ड्रम ढवळत होते. मी शेजारी जाऊन उभी राहिले. काठी डावीकडून उजवीकडं फिरवत होते, मधेच शेततळ्यातली बादली उचलून ड्रमात ओतत होते, परत काठी. मी जवळ होते म्हणून वास आपोआप नाकात आला. आंबूस, गुळचट, ताज्या गोठ्यासारखा. घाण नाही. मी म्हटलं, बाबा, एवढं शेण-मूत आहे आणि घाण कशी येत नाही?

"घट झाला का कुजतो," बाबा म्हणाले. "कुजला का घाण मारतो. पातळ ठेवायचा, ढवळत रायचा, मंग नाय मारत. आन औषध नाय टाकायचं त्यात. औषध टाकला का त्याच्यातला जीव मरतो. जीव मेला का मंग सडतंच."

मी औषधावर अडकले. फिनाईल म्हणजे औषधच. बाबांना म्हटलं, जरा गाडीपाशी येता का? ते आले. पायरी चढले नाहीत, खालूनच टाकीकडं आणि तिच्या पाइपाकडं बघितलं. मग मला दोनच गोष्टी विचारल्या. संडासात पाणी किती टाकतात? आणि हा खालचा व्हॉल्व्ह कधी बंद असतो का?

पहिलं उत्तर मी अभिमानानं दिलं. एक मग. जास्त नाही. पाहुण्यांनाही मी आल्या आल्या हात जोडून सांगायचे की पाणी जपून वापरा, आणि कमोडच्या वरची टाकी बंद करून तिथं मगच ठेवला होता. काकूंनी एकदा त्याबद्दल माझं कौतुकही केलं होतं. दुसरं उत्तर देताना माझा आवाज जरा उतरला. व्हॉल्व्ह कायम उघडाच. गाडी आली त्या दिवशी कारखान्याच्या माणसानं सांगितलं होतं की व्हॉल्व्ह बंद ठेवायचा, टाकी भरत आली की मग उघडायचा. तो गेल्या गेल्या मी उघडला. माणसं वर जेवणार, झोपणार आणि खाली त्यांचीच घाण चार-चार दिवस साठवून ठेवायची? आमच्याकडं उष्टं खरकटंसुद्धा घरात रात्रभर ठेवत नाहीत. मला वाटलं, तो माणूस आळशी आहे, रोजचं काम टाळायला असं सांगतोय. घाण आली की लगेच बाहेर, यात चूक काय?

बाबांनी उघडा व्हॉल्व्ह बघितला. "पाणी जाय निघून," एवढंच म्हणाले. पुढचं मलाच बोलायचं होतं.

पाणी जाय निघून, आणि बाकीचं तिथंच. मी आत गेले, कमोडची झडप उघडून मोबाईलचा उजेड आत सोडला. बघितलं आणि झडप लावून टाकली. वर्णन करत नाही. एवढंच सांगते की टाकीत डोंगर होता, वाळून कडक झालेला, वर्षभराचा, आणि त्याचं टोक कमोडच्या तोंडापर्यंत आलेलं. रोज एका मगानं मी त्याला ओला करत होते आणि फिनाईलनं त्याच्यातलं जे काही कामाचं होतं ते मारत होते. मीटरचे तीन दिवे खरे होते.

मला आधी हायसं वाटलं, पण क्षणभरच. गाडी बिघडली नव्हती. मिस्त्री, कारखाना, ड्रम, कुणाचाच दोष नव्हता. हे सगळं माझ्या हातानं झालं होतं, आणि ज्या गोष्टींना मी चांगल्या सवयी समजत होते त्यांनीच झालं होतं. काकूंना काय सांगायचं? पाइप तुंबला होता एवढं म्हटलं तरी चाललं असतं. बाबा बोलणाऱ्यातले नव्हते. मी त्यांना म्हटलं, ड्रम परत जागेवर आणू, मी हात लावते. ते म्हणाले, आधी तुझी टाकी.

काकूंकडं जाऊन मी फक्त पाणी मागितलं. तीनशे लिटर. त्यांनी भुवया उंचावल्या, कारण माझ्या तोंडून पाण्याचा असा आकडा त्यांनी कधी ऐकला नव्हता. का ते विचारलं. मी म्हटलं, टाकी भिजवायचीय. त्यांनी शेततळ्याची मोटर लावून दिली.

व्हॉल्व्ह बंद केला. पाइप कमोडमध्ये सोडला आणि पाणी चालू केलं. ते पाणी जात होतं आणि मला बघवत नव्हतं. चांगलं पाणी, नितळ, बागेतल्या वेलींना द्यायचं, आणि मी ते मैल्यात ओततेय. दोनदा हात नळाकडं गेला. मग मी तोंड फिरवून उभी राहिले आणि मीटरकडं बघत राहिले. चौथा दिवा पेटला तेव्हा नळ बंद केला.

शुक्रवारी सकाळी व्हॉल्व्ह उघडला. गढूळ पाणी आलं, खड्ड्यात गेलं, संपलं. डोंगर बराचसा तसाच. मला इतका संताप आला की मी टाकीला चप्पल फेकून मारली. बाबा ड्रमाकडून आले, चप्पल उचलून माझ्यापुढं ठेवली आणि म्हणाले, नुसता भिजवून काय होणार, ढवळायला नको?

बंद टाकी ढवळणार कशी? काठी जाणार नाही, हात जाणार नाही. मी टाकी परत भरली आणि काकूंना बोलवायला गेले, कारण गाडी चालली की टाकीतलं पाणी डुचमळतं हे टँकर बघितलेल्या माणसाला सांगायला लागत नाही. काकूंना म्हटलं, गाडी चालवून आणायला हवी. काकूंनी पदर खोचला. वर्षभर उभी असलेली गाडी तिसऱ्या किल्लीला चालू झाली. मी शेजारी बसले. बागेच्या आतल्या कच्च्या रस्त्यानं, खड्ड्यांतून, आम्ही निघालो. प्रत्येक खड्ड्याला मागून धडाम असा आवाज यायचा, आणि काकू म्हणायच्या, "ऐकू आलं?" त्यांना मजा वाटायला लागली होती. आणखी एक फेरी मारू म्हणाल्या.

त्या दुसऱ्या फेरीत मी सांगून टाकलं. व्हॉल्व्हचं, मगाचं, फिनाईलचं, ड्रमाचं. कारखान्याच्या माणसाचं ऐकलं नाही तेसुद्धा. सगळं एका दमात, समोरच्या रस्त्याकडं बघत. गिअर अडला होता, काकू त्याच्याशी झटत होत्या. गाडी जागेवर लावली, किल्ली काढली आणि उतरताना एवढंच म्हणाल्या, "उघड आता."

मी पाइप परत जोडला आणि व्हॉल्व्ह ओढला. या वेळी जे आलं ते धो धो आलं, पाइप सापासारखा उसळला. आम्ही दोघी चार पावलं मागं सरलो. पुन्हा भरली, पुन्हा फिरवली, पुन्हा सोडली. तिसऱ्यांदा पाणी जवळजवळ स्वच्छ आलं. मीटर एका दिव्यावर आलं, मग तोही विझला. दुपारी बाबा आणि मी ड्रम परत आणला. शेवटी बाबांनी पाच लिटर स्लरी आणून टाकीत ओतली आणि मला बजावलं की आता औषधाला हात लावायचा नाही.

काकू मात्र दिवसभर माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. मी खोलीत जाऊन सामान किती आहे ते बघितलं. एका पिशवीत आणि एका बादलीत मावेल इतकं होतं.

शनिवारी शिक्षिका आल्या. मी पायरीपाशी उभी. एक एक करून चौघी आत गेल्या आणि मी त्यांच्या नाकांकडं बघत राहिले. एकीनं नाक उडवलं आणि माझा जीव गेला. तिला सर्दी होती. दुसरी म्हणाली, इथं फारच धूपबीप लावत असाल तर नका लावू, मला त्रास होतो. मी धूपदाणी उचलून बाहेर नेली. चौघी राहिल्या. दोनदा भाकऱ्या मागून खाल्ल्या. रविवारी दुपारी गेल्या तेव्हा वास हा शब्दही निघाला नाही.

त्या गेल्यावर काकूंनी पुण्याला फोन लावला, नेहमीसारखा मोठ्या आवाजावर. मी भांडी घासत होते. मुलानं विचारलं, काय निघालं शेवटी? काकूंनी माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता पाइप तुंबला होता म्हणतील, आणि मला ते नको होतं, का ते आजही नीट सांगता येणार नाही. मी तशाच राखेच्या हातांनी फोनजवळ गेले आणि म्हटलं, "दादा, माझ्यामुळं झालं. व्हॉल्व्ह मीच उघडा ठेवत होते."

तो म्हणाला, माझ्याशी नाही, आईशी, "मग आता दुसरं कुणी बघायचं का गाडीला?"

"दुसऱ्याला पहिल्यापासून शिकवायला तू येणार आहेस का?" काकू म्हणाल्या. "हिला आता वर्षभराचं शिक्षण झालंय. तेही आपल्याच खर्चानं. आणि त्या पिंपळगावच्या माणसाला नाही म्हणून सांग, मला गाडी चालवायला आवडली."

त्यानं आई-आई केलं, मग हसला, मग ऑफिसचा दुसरा फोन आला म्हणून ठेवला. काकू माझ्याकडं वळल्या. मला काहीतरी बोलायचं होतं, आभाराचं. त्यांनी वाटही बघितली नाही. पुढच्या शनिवारी नऊ जण येणार आहेत म्हणाल्या, चौघांच्या गाडीत नऊ जण कसे झोपणार ते त्यांचं त्यांना माहीत, आणि नऊ जणांना टाकी किती दिवस पुरेल याचा हिशेब कर. मी हात धुतले आणि चादरी बघायला गेले.